झडप उघडायची, बंद करायची, थांबायचं

नमस्कार श्रोतेहो. अंतराळात खोली न्यायची, तर ती रॉकेटच्या टोकात मावली पाहिजे. म्हणून मग कापडाची खोली घडी घालून न्यायची आणि वर पोचल्यावर तिच्यात हवा भरायची. आज मी सांगणार आहे ती अशाच एका खोलीची गोष्ट. तिचं नाव 'बीम'. अमेरिकेतल्या बिगेलो कंपनीनं ती बनवली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये ती आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडली गेली.

२६ मे २०१६. स्थानकावर अंतराळवीर जेफ विल्यम्स झडपेपाशी बसले. झडप उघडली, हवा आत गेली, दाब वाढला. पण खोली जेमतेम काही इंच सरकली. दाब वाढतोय आणि खोली उलगडत नाही, हे लक्षण चांगलं नव्हे. दोनेक तासांत काम थांबवलं. ठरल्यापेक्षा कितीतरी महिने जास्त घडीत राहिल्यामुळे कापडाचे थर एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

शाळेतल्या प्रयोगवहीत उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि मुलं ते उतरवून काढतात. 'प्रयोग फसला' असं खरंखरं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. असो.

दुसऱ्या दिवशी आतली हवा सोडून दिली. कापड जरा सैल पडलं. आणि २८ मेला विल्यम्स पुन्हा झडपेपाशी. झडप उघडायची, काही सेकंदांत बंद करायची, आणि थांबायचं. जमिनीवरची मंडळी आकडे बघणार, मग पुढचा हुकूम. पुन्हा उघडायची, बंद करायची, थांबायचं. आतून आवाज यायला लागले, कढईत लाह्या फुटाव्यात तसे! घडी बांधून ठेवणारे पट्टे एकेक करून सुटत होते, आणि ते सुटायलाच हवे होते. असं २५ वेळा झालं. झडप उघडी होती एकूण २ मिनिटं २७ सेकंद, आणि त्याला लागले सात तासांहून जास्त. पुन्हा सांगतो: अडीच मिनिटांची हवा, सात तासांचं काम! मला या माणसाच्या हाताचं फार कौतुक वाटतं. सगळी घाई त्या हातातच आवरलेली होती.

खोली पुरती ताणली गेल्यावर आतल्या आठ टाक्यांतली हवा सोडली, आणि दहा मिनिटांत ती भरली. सुमारे चार मीटर लांब, सोळा घनमीटर जागा. ६ जूनला विल्यम्स आत शिरले. खोली थंड होती, पण कोरडी.

उल्कांचे कण आदळतात का, किरणोत्सार किती, तापमान किती, हे मोजायला आत संवेदक बसवले. किरणोत्सार स्थानकाच्या बाकीच्या भागांइतकाच निघाला. दोन वर्षांसाठी लावलेली ही खोली पुढे स्थानकाचं सामान ठेवायला वापरात आली.