टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत

[गॅरेजचं शटर वर जातं. चार टेकूंवर नुसती चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा.]

गाडी म्हणावं असं अजून काही नाही. बॉडी भिंतीला टेकवून ठेवलीय. इंजिन बसलंय, पण मापापुरतं. उद्या परत बाहेर निघेल. पेट्रोल लाइन टाकायची वेळ हीच. बहुतेक जण ती शेवटी टाकतात, रंग-पॉलिश झाल्यावर, उरलेल्या जागेतून. आणि मग दोन वर्षं गाडीखाली झोपून निस्तरत बसतात.

१९३२ची फोर्ड आहे ही. अमेरिकेत हिला ‘ड्यूस’ म्हणतात, म्हणजे पत्त्यांतली दुर्री; सालातला शेवटचा दोन हिला चिकटला तो कायमचा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी असल्या स्वस्तातल्या जुन्या फोर्ड उचलल्या, मडगार्डं काढून टाकली, इंजिनांची ताकद वाढवली आणि म्यूरॉक, एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यांवर बेफाम पळवल्या. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. म्यूरॉक पुढे हवाई दलाच्या ताब्यात गेलं. एल मिराजवर आजही धूळ उडते.

[जुन्या इंजिनाचा जवळून फोटो.]

त्याआधीच्या मॉडेल ए मध्ये टाकी पुढच्या काचेखाली असायची, चक्क गुडघ्यांसमोर. पेट्रोल आपल्याच वजनानं खाली उतरायचं, पंपाची भानगडच नाही. १९३२ मध्ये टाकी मागे गेली, पुढे आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आलं, आणि पेट्रोलला गाडीची अख्खी लांबी ओलांडावी लागली. ते ओढायचा पंप कुठे? इंजिनाच्या माथ्यावर, मागच्या अंगाला. म्हणजे तव्यावरच.

पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांना उकळायला लागतात. त्यात पंप मागून ओढतो, म्हणून नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की उकळणं आणखी लवकर. नळीत वाफेचा बुडबुडा धरतो, पंप नुसती वाफ चघळत बसतो, गाडी रस्त्यात उभी. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. अमेरिकेतले लोक त्यावर नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. आपल्याकडे पद्मिनीवाल्यांनी घाटात पंपावर ओलं फडकं टाकलं. चिमट्यांपेक्षा मला फडक्यावर जास्त भरवसा आहे.

खरा इलाज पंप मागे नेण्याचा. इलेक्ट्रिक पंपाला ढकलणं जमतं, ओढणं नाही. म्हणून तो टाकीजवळ, शक्यतो टाकीच्या तळापेक्षा खाली.

[हातात वाकवलेली तार. ती चासीला लावून बघितली जाते.]

आधी नळी नाही, तार. वेल्डिंगची साधी सळई हातानं वाकवत वाकवत टाकीपासून इंजिनापर्यंत रस्ता शोधायचा. सायलेन्सरच्या बाजूनं जायचं नाही. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या शेजारून नाही. तो तुटला की चाबकासारखा फिरतो. चासीच्या तळाखालून तर नाहीच, पहिल्याच दगडाला नळी चेपेल. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या नियमांत क्लचला लागून असलेल्या फ्लायव्हीलजवळून जाणाऱ्या साध्या नळीवर १६ इंच लांब, एक सूत (इंचाचा आठवा भाग) जाड पोलादी पाइपाचं चिलखत सांगितलंय. क्लच फुटला तर त्याचे तुकडे त्याच जागी येतात.

उरतो तो चासीच्या आतल्या कडेनं जाणारा रस्ता. ड्यूसची चासी बाहेरून उघडी दिसते, तिच्या अंगावरची ती उठावाची रेघ हेच तिचं सौंदर्य, म्हणून बाहेरून नळी कुणी टाकत नाही. आत मात्र एक मोह असतो. चासीला बळकटी द्यायला आतून पत्रा मारून तिची पेटी करतात. मग वाटतं, नळी त्या पेटीतच सोडून द्यावी, दिसायलाच नको. माझं मत विरुद्ध आहे. नळी लपवा, पण हात पोचला पाहिजे. बंद पेटीत ती कुठे घासतेय हे कळायचा मार्ग एकच उरतो, वास.

मापाचं सोपं आहे. ३०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण दाबल्यावर मिनिटाला साधारण दीड लिटर पेट्रोल पितं. कार्बोरेटरला तीन सुताची नळी पुरते. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन, म्हणजे दाबानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा, लावलं तर दाबाचा हिशोब बदलतो: कार्बोरेटरला चार ते सात पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड), शेवरलेच्या इंजेक्शनवाल्या एलएस इंजिनाला ५८. तिथे साधा रबरी होज लावणं म्हणजे वेळ ठरवून आग लावणं.

तांब्याची नळी हाताला छान वाकते, पण थरथरीनं कडक होत जाते आणि एक दिवस चिरते. स्टेनलेस दिसतं देखणं, फ्लेअर करताना, म्हणजे नळीचं तोंड फुलवताना, जीव काढतं. साधं पोलाद किंवा तांबं-निकेलचा मिश्रधातू बरा. होज फक्त जिथे इंजिन हलतं तिथे, वीतभर. आणि तोही इथेनॉल सोसणारा; अमेरिकेत पेट्रोलमध्ये ते दहा टक्के असतं, आपल्याकडे आता वीस. जुनं रबर त्यात फुगतं. वर स्टीलची जाळी असलेला होज दिसायला रुबाबदार, पण ती जाळी म्हणजे कानसच. ज्याला टेकेल त्याला खाते.

[फ्लेअरिंग टूल. आवाज फक्त हातोडीचा आणि कानशीचा.]

नळी कापली. आतली धार काढली, कीस फुंकून टाकला. आता तोंड फुलवायचं. इथे दोन पंथ आहेत: मोटारींचा ४५ अंशांचा फ्लेअर आणि विमानांकडून आलेला ३७ अंशांचा. डोळ्यांना फरक कळत नाही, काही मापांत आटेही एकमेकांना बसतात, म्हणून फसगत होते. कितीही आवळा, गळतं.

टूल फिरलं. तोंड झकास फुललं. आणि आधी नळीत ओवायचा नट टेबलावरच राहिला.

प्रत्येक कारागीर हे करतो. पुन्हा कापा.

[टॉर्चचा उजेड. जमिनीवर पांढरा कागद.]

नळी बसली, दर दीड-दोन फुटांवर रबर लावलेला क्लॅम्प. पंप चालू केला. टकटक आधी भरभर, मग दाब भरला तशी मंदावत गेली. इंजिन अजून सुरू केलेलं नाही. कोरडा टिश्यू घेऊन एकेक सांधा पुसला जातो. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. सहावा, पंपाशेजारचा, किंचित ओला.

नट सोडला. फ्लेअरच्या काठाला केसाएवढी चीर. ती कापून काढली तर नळी पाऊण सूत आखूड पडते, आणि पुढचं वळण फिटिंगपर्यंत पोचत नाही.

कारागीर भिंतीवरची ती मापाची वाकडी तार पुन्हा उचलतो.