बिल्ल्याची ओळख: आधी पाठ, मग चित्र

मित्रहो, आज मी सोबत एकच लष्करी बिल्ला आणला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी तो मला मिळाला. पितळेचा आहे, दोरीने टांगलेला बिगुल, त्यावर मुकुट आणि दोरीच्या वेढ्यात एक आणि शून्य असे दोन आकडे. शून्यापुढे डाखाचा करडा ठिपका दिसतो, म्हणजे तिथे तिसरा आकडा होता आणि तो तुटून गेला. हा बिल्ला कोणाचा, याचा शोध मी कसा घेतला, तेच सांगणार आहे.

विक्रेता म्हणाला, ‘मराठा पलटणीचा आहे.’ आपल्याकडे बिगुल दिसला की हेच नाव ओठांवर येते. परंतु विखरून लढणाऱ्या शिपायांपर्यंत हुकूम पोचवण्याचे साधन म्हणून बिगूल ही लाइट इन्फंट्री आणि रायफल अशा दोन्ही प्रकारच्या पलटणींची खूण झाली. इंग्लंडच्या डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या टोपीवरही मुकुटाखाली बिगुलच होता. म्हणून चित्र पाहून नाव ठरवू नये, प्रत्येक तपशिलाला त्याचा काळ विचारावा.

माझ्या सवयीप्रमाणे मी आधी पाठ पाहिली. ठशात दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा खळगा उमटतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट आणि बारीक छिद्रांची असते. मात्र छावणीजवळच्या बाजारातल्या कारागिरांनी ओतून दिलेले बिल्लेही शिपायांनी खरोखर वापरले आहेत, तेव्हा केवळ ओतीव म्हणून कोणताही बिल्ला फेकून देऊ नका. माझ्या बिल्ल्याच्या पाठीवर खळगा स्वच्छ आहे आणि कड्यांची भोके झिजून लांबट झाली आहेत. तो कोणीतरी वर्षानुवर्षे वापरला असावा.

मग मुकुट. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली झुकतात, तर १९०१ नंतर राजांच्या काळात त्या घुमटासारख्या गोल झाल्या. भारतात २६ जानेवारी १९५० पासून मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत इंग्लंडात कमानी पुन्हा झुकल्या, पण तोवर भारतीय सेनेतून मुकुटच गेला होता. त्यामुळे भारतीय पलटणीच्या नावावर तो नवा मुकुट दिसला, तर वस्तू मागाहून बनवलेली आहे, असे मी समजतो. माझ्या बिल्ल्यावरचा मुकुट घुमटाचा आहे.

खरी गंमत आकड्यांत आहे. १९०३ मध्ये सरसेनापती किचनर यांच्या पुनर्रचनेत मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३, पाचवीची १०५ आणि दहावीची ११० झाली. १९२२ मध्ये हे क्रमांक मोडले आणि या तिन्ही पलटणी इतर मराठा पलटणींसह पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेल्या. म्हणजे तीन आकडी क्रमांक आणि घुमटाचा मुकुट एकत्र आले की काळ १९०३ ते १९२२ असा आवळत येतो. माझ्याकडे एकापुढे शून्य आहे, म्हणून ११० वी बाद झाली. १०१ आणि १०२ या ग्रेनेडियर, त्यांची खूण हातबॉम्बची. बिगुलाच्या उरल्या तीन: १०३ आणि १०५ मराठा, आणि १०४ वेलस्ली रायफल्स.

रायफल पलटणींची चाल काळ्या धातूची, कारण चकाकी शत्रूच्या नजरेत भरते. म्हणजे वरचा थर काळा होता की नाही, एवढे कळले असते तर मराठा आणि रायफल हा वाद तिथेच मिटला असता. परंतु विक्रेत्याने भाव चांगला यावा म्हणून बिल्ला चिंचेने घासून लख्ख केला होता, आणि मीही घरी आणून पहिल्याच दिवशी पुन्हा घासला. त्याचे मला आजही वाईट वाटते. संग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे की वस्तू हाती येताच तिचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या, विकणारा काय म्हणाला ते लिहून ठेवा आणि भिंगाखाली पाहून होईपर्यंत तिला पाणीसुद्धा लावू नका.

भिंगाखाली मुकुटाच्या मागच्या खाचेत मोहरीच्या निम्म्याएवढा काळा कण अजून दिसतो. तो जुना काळा थर असेल किंवा साधा मळ असेल. माझ्या वहीत नोंद अशी आहे: ‘मुंबईची पलटण, १९०३ ते १९२२, १०३, १०४ किंवा १०५, मराठा हे विक्रेत्याचे म्हणणे, सिद्ध नाही.’ व्याख्यानानंतर बिल्ला आणि भिंग दोन्ही या टेबलावर ठेवतो.