स्वयंपाकघरातलं कॅलेंडर

(पहाट. कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, पाट वाहतो आहे. पोफळींवरून पावसाचं पाणी ठिबकतं. पदेराच्या सायकलचा भोंगा दुरून ऐकू येतो आणि थांबतो.)

फोंडा तालुक्यातल्या या वाड्यावर पदेर सकाळी सहाला पाव घेऊन येतो. त्याच्या सायकलचा भोंगा वळणावरूनच ऐकू यायला लागतो. या घराच्या अलीकडे मात्र तो भोंग्यावरचा हात काढतो, खांबाला टांगलेल्या पिशवीत पाव ठेवतो आणि पुढच्या घरापाशी पोचला की पुन्हा भोंगा वाजवतो. असं करायला त्याला कुणी सांगितलं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. आत एका बाईचा डोळा पहाटे कुठे लागलेला असतो.

गावात त्यांना सगळे वयनी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

मे महिन्यात वयनींना स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. गाठ मोठी होती, म्हणून डॉक्टरांनी आधी केमो आणि नंतर शस्त्रक्रिया असं ठरवलं. पहिली सलाईन जूनच्या पहिल्या आठवड्यात लागली, पाऊस नुकताच धरला होता तेव्हा.

(स्वयंपाकघर. भिंतीवरचं कॅलेंडर. लाल, निळ्या आणि हिरव्या पेनाच्या खुणा.)

हे कॅलेंडर वयनींच्या धाकट्या जावेचं. एरवी यावर दुधाचा हिशेब, गॅस कधी लागला आणि एकादशी कधी, एवढंच लिहिलेलं असायचं. आता बघा. लाल गोल केलाय तो केमोचा दिवस. तिथून 21 घरं मोजली की दुसरा लाल गोल. मधल्या प्रत्येक घरात एक नाव आहे, आणि नावापुढे एकच काम.

21 दिवसच का, ते जावेने डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या, हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येतं, अन्न नकोसं होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत सगळ्यात खाली जातात आणि तिसऱ्या आठवड्याअखेर सावरतात. सावरल्या की पुढची सलाईन. जावेने हे सगळं कॅलेंडरवर उतरवलं. पहिले पाच दिवस लाल, कारण तेव्हा मळमळ. सातवा ते चौदावा निळा, तेव्हा घरात बाहेरचं कुणी नाही. पुढचे हिरवे, म्हणजे या, बसा, बोला.

आजारी माणसाच्या घरी गेलं की आपण सगळेच निघताना म्हणतो, "काही लागलं तर सांग हं." मनापासूनच म्हणतो. पण ज्या बाईला उठून पाण्याचा पेला घ्यायला त्राण नाही, तिने फोन लावून कुणाला काय सांगायचं? या वाड्यावरच्या बायकांनी ते वाक्य बाजूला ठेवलं. त्या म्हणाल्या, मंगळवारची पेज माझी. शुक्रवारचे कपडे माझे. आणि तसं कॅलेंडरवर लिहून मोकळ्या झाल्या.

(चूल. उकड्या तांदळाची पेज रटरटते आहे. करवंटीचा दवला.)

ही मंगळवारची पेज. उकडे तांदूळ, मीठ बेताचं, वर सोडलेलं चमचाभर तूप. पेज आणणारी मैत्रीण वयनींच्या फुगडीच्या फेरातली, तीस वर्षांची सोबतीण. "वयनी, पेज हाडल्या गो," एवढं दारातूनच म्हणते आणि भांडं कट्ट्यावर ठेवते.

या करवंटीच्या दवल्याकडे लक्ष द्या. दुसऱ्या केमोनंतर वयनींना प्रत्येक घासाला लोखंडाची चव यायला लागली. स्टीलचा चमचा तोंडात धरवेना. केमोत अनेकांचं असं होतं. सासूबाईंच्या वेळचा हा दवला माळ्यावर पडून होता. मैत्रिणीने तो शोधला, उकळत्या पाण्यातून काढला, आणि तेव्हापासून वयनी यानेच पेज पितात.

जून-जुलै म्हणजे गोव्यात मासेमारी बंदीचे महिने. ताजी मासळी नाही, तेव्हा घरोघर सुकी मासळी निखाऱ्यावर भाजली जाते. त्या वासावर एरवी जेवण जातं. केमोनंतरच्या पाच दिवसांत तोच वास वयनींच्या पोटात ढवळून काढायचा. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही, जावेनेही नाही. पण लाल गोलापासून पाच दिवस आजूबाजूच्या दोन्ही घरांत खारं भाजणं बंद झालं. पावसाळ्यात गोव्यातल्या घराने खारं सोडायचं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

(वसरी. लाकडी खुर्ची. लेकीच्या हातात ट्रिमर.)

पहिल्या सलाईनचा सतरावा दिवस. उशीवर, बादलीत, वरणाच्या वाटीत केस सापडायला लागले, तेव्हा वयनी म्हणाल्या, "आता काढूनच टाकूया."

(केस उतरवण्याचं दृश्य संपेपर्यंत निवेदन नाही.)

शेजारची फुलकार बाई गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी वयनींना अबोलीची फाती, म्हणजे केसांत माळायची वेणी, देते. ती दुसऱ्या दिवशीही आली. क्षणभर थांबली आणि फाती खिडकीच्या गजाला बांधून गेली. त्यानंतर रोज तिथेच बांधते.

(रस्ता. बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, मग बांबोळीचा चढ. गाडीच्या काचेवर पाऊस.)

बांबोळीला जायचं म्हणजे घरून सहालाच निघायचं. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला गोव्यात कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, बांबोळी म्हटलं की झालं. पणजीत 1842 साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारसा. वॉर्डात आम्ही कॅमेरा नेला नाही. तिथे झोपलेल्या माणसांचा तो दिवस त्यांचा होता.

सोबतीला कोण, तेही कॅलेंडरवर. सोबतिणीच्या पिशवीत फाईल, गरम पाण्याचा थर्मास, पातळ गोधडी आणि आमसुलाची डबी. पहिल्या चार खेपांना लाल रंगाचं औषध होतं, डॉक्सोरुबिसिन. ते जमिनीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. घरी आल्यावर दिवसभर लघवी लालसर होते, हे नर्सने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही.

नंतर ऑगस्टपासून दर आठवड्याला एक, अशा 12 सलाईन पॅक्लिटॅक्सेलच्या. हे औषध पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. त्याची रासायनिक रचना 1971 साली अमेरिकेत ज्या दोघांनी उलगडली, त्यातले एक मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारात जन्मलेले. जावेला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वयनींना सांगते, बरं वाटेल."

(तुळशीवृंदावन. पायथ्याशी सदाफुली, पावसाने धुतलेली.)

ही अंगणातली सदाफुली. मूळची मादागास्करची, आता आपल्या दारोदारची. 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर तिच्या पानांचा अर्क मधुमेहासाठी तपासत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं, आणि पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन, जे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. वयनींच्या औषधांत सदाफुली नाही. पण त्या खुर्ची टाकून बसतात ती इथेच. आणि हे बघून कुणी पानं चघळू नका, सदाफुली विषारी आहे. औषध होतं ते तिच्यातला नेमका अंश वेगळा काढून, मोजून दिल्यावर.

दुसऱ्या खेपेच्या नवव्या दिवशी, रात्री दोनला वयनींना ताप भरला. थर्मामीटर 100.4 किंवा त्याच्या वर गेला की सकाळची वाट बघायची नाही, हे कॅलेंडरच्या वरच लिहिलेलं होतं. शेजाऱ्याने सुपारी नेण्याची पिकअप काढली आणि वयनी चार दिवस दाखल होत्या. त्या दिवसांचं चित्रीकरण नाही. खर्चाची जुळवाजुळव दादांनी, म्हणजे वयनींच्या यजमानांनी, आणि म्हापशाच्या भावाने केली.

(दादा कुळागरात. पाटाला बांध घालून पाणी वळवत आहेत.)

वयनींचे यजमान कॅमेऱ्यासमोर फारसं बोलले नाहीत. रोज रात्री वयनींच्या तळव्यांना खोबरेल लावण्याचं काम त्यांचं. कॅलेंडरवर ते लिहिलेलं नाही.

(चतुर्थी. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधलेली. अंगणात फुगडी.)

चतुर्थीत वयनी उंबऱ्याच्या आत, तोंडावर मास्क. आठवड्याच्या सलाईनींनी बोटांची टोकं बधिर झालेली, ब्लाऊजची हुकंही लेक लावून देते. मैत्रिणी दरवर्षी फुगडी घालतात देवळाच्या चौकात. या वर्षी पहिला फेर त्यांनी इथे घातला, दारापासून दहा हात लांब. गाण्याची सुरुवात नेहमी वयनींची असते. मैत्रिणी थांबल्या. मास्कमधून पहिली ओळ आली, मग बाकीच्यांनी ती उचलली.

शेवटची सलाईन नोव्हेंबरात. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली, तपासणीचा अहवाल चांगला आला. गोळ्या आणि तपासण्या पुढे चालू आहेत.

(पौषातली रात्र. मांडावर दिवा. धालोच्या दोन ओळी समोरासमोर. बायकांच्या परवानगीने, लांबून.)

धालो म्हणजे पौषातल्या रात्री बायकांनी घातलेला नाच-गाण्याचा खेळ. त्यात बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून ओळ धरतात. वयनींना ओळीचं टोक दिलं आहे, म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात मोकळा राहतो. केस पेरभरच वाढलेत, त्यात फाती टिकत नाही. फुलकार बाईने ती त्यांच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाला बांधली आहे.

(धालोचं गाणं. दोन्ही ओळी वाकतात, पुढे येतात, मागे जातात.)