बेल वाजत नाही, कडी वाजवा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते न मागता घरी येणाऱ्या टपालाबद्दल. मोबाइलवर येणारे सेलचे मेसेज, ईमेलमध्ये साचलेल्या जाहिराती, आणि कधीकधी थेट दाराशी येणारं कागदी पाकीट. ‘मी तर एकदाच काहीतरी मागवलं होतं, मग हे सगळे मला कसे ओळखतात?’ तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल. माझ्या मावशीला पडला होता, आणि तिला त्याचं उत्तर पाकिटावरच छापलेलं मिळालं. ती हकिकत आधी सांगते.

मावशी ठाण्यात राहते, नौपाड्यात. वय ७१. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. श्रावणात तिच्या मोदकपात्राचं बूड गेलं. एरवी ती जांभळी नाक्यावर जाऊन चार दुकानं पालथी घालते. भांडं हातात घ्यायचं, बोटाने वाजवायचं, झाकण बसतंय का बघायचं. मला स्वतःला अजूनही वाटतं, भांडं असंच घ्यावं. फोटोत पत्र्याची जाडी कळत नाही. पण गुडघे दुखत होते, पाऊस कोसळत होता, म्हणून तिने मोबाइलवरून मागवायचं ठरवलं. नातवाने अ‍ॅप घालून दिलं, पत्ता मात्र तिने स्वतः भरला.

आता त्या दिवसांत तिच्याकडची दाराची बेल बंद होती. भिंतीत ओल उतरली होती आणि वायरमन ‘उद्या येतो’ म्हणत पंधरा दिवस आला नव्हता. अ‍ॅपमध्ये पत्त्याखाली एक चौकोन असतो, जवळची खूण लिहायला. मावशीने तिथे इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘बेल वाजत नाही, कडी वाजवा’. पार्सलवाल्या मुलाने कडी वाजवली. मोदकपात्र आलं. गणपतीला २१ मोदक त्यातच उकडले. विसर्जनाच्या आधी वायरमन आला, बेलही वाजायला लागली.

त्यानंतर मेसेज सुरू झाले. आधी भांड्यांचे, मग साड्यांचे, मग गुडघ्याच्या तेलाचे. मावशी पुसत राहिली. आणि घटस्थापनेनंतर तीन-चार दिवसांनी पोस्टमन सहीचं टपाल घेऊन आला.

हे पोस्टमन त्या भागात कितीतरी वर्षं आहेत. कोण कुठल्या मजल्यावर, कोण गावाला गेलंय, सगळं त्यांना पाठ. श्रोतेहो, थोडं बाजूला जाऊन सांगते. आपल्या घोडबंदर रोडच्या, नेरूळ-घणसोलीच्या मोठ्या इमारतींत सगळं टपाल खाली गेटवर टेकवलं जातं. पोस्टमन कोण हेही लोकांना माहीत नसतं. हे मला फार चुकीचं वाटतं. सही घ्यायला दाराशी येणारा माणूस आपल्याला ओळखतो, हीसुद्धा एक राखण आहे. नौपाड्यात त्या दिवशी तेच झालं.

पोस्टमननी बेल वाजवली. मावशीने दार उघडलं. सही घेताना त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि म्हणाले, ‘काकू, बेल तर वाजली की आत्ता. मग इथे काय लिहिलंय?’ मावशी हसली, म्हणाली, ‘अहो, ते जुनं आहे,’ आणि पाकीट घेऊन आत गेली.

आत जाड, गुळगुळीत कागद. वर त्या खरेदीच्या कंपनीचं चिन्ह, खाली दोन रंगांचे शिक्के, अधिकाऱ्याची सही. मावशीचं पूर्ण नाव, मोदकपात्र मागवल्याची तारीख, सगळं अचूक. सोबत एक स्क्रॅच कार्ड. मावशी तेव्हा तांदूळ निवडत बसली होती. दहाच्या नाण्याने तिने कार्ड खरवडलं, तर चंदेरी भुकटी परातीतल्या तांदळावर पडली. आणि कार्डावर लिहिलेलं: पहिलं बक्षीस, मोटारगाडी. गाडी नको असेल तर १२ लाख ६० हजार रोख.

दसरा तोंडावर आलेला. दसऱ्याला गाडी घरात येणार, असं त्या क्षणी कुणाच्याही मनात येईल. तिने पत्रावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलला. ‘माताजी, बधाई हो.’ फक्त नोंदणीचे १२,६०० रुपये भरायचे, आजच्या आज, नाहीतर बक्षीस दुसऱ्याला जाईल. आणि घरात कुणाला सांगू नका, कारण बक्षीस गोपनीय आहे. खातं कंपनीच्या नावाचं नव्हतं, कुणा एका माणसाच्या नावाचं होतं. मावशी म्हणाली, ‘थांबा, चष्मा आणते.’

चष्मा टेबलावर होता, पाकिटाशेजारी. तो घालून तिने खाली पाहिलं, तर पहिलीच ओळ डोळ्यांत भरली. बेल वाजत नाही, कडी वाजवा.

ती मला नंतर म्हणाली, ‘अगं, हे वाक्य मी जन्मात एकाच ठिकाणी लिहिलंय. त्या चौकोनात. बँकेत नाही, गॅसवाल्याकडे नाही, कुठेच नाही. मग ते ह्यांच्याकडे कसं आलं?’ तिने फोन ठेवून दिला. मला बोलावलं. मी नेरूळहून ठाणे लोकल पकडली, तासाभरात पोचले. तोवर त्या माणसाचे नऊ मिस्ड कॉल येऊन गेले होते.

पैसे गेले नाहीत. पण पत्ता गेला होता, आणि मला त्याचाच जास्त राग आला. आपण एक वस्तू मागवतो तेव्हा आपलं नाव, नंबर आणि घराचा पत्ता किती हातांतून जातो बघा. अ‍ॅप, प्रत्यक्ष विकणारा दुकानदार, गोदाम, कुरियर, शेवटी दाराशी येणारा मुलगा. आपल्याकडची कितीतरी पार्सलं भिवंडीच्या गोदामांतून निघतात, आणि प्रत्येक खोक्यावर तो पत्ता चिकटवलेला असतो. त्यानंतर तेच खोकं तसंच्या तसं कचऱ्याच्या डब्यात. म्हणून पहिली गोष्ट, खोकं टाकण्याआधी चिठ्ठी फाडा. पुन्हा सांगते, नाव-पत्त्याची चिठ्ठी फाडा, मग खोकं टाका.

मावशीने कंपनीला तक्रार केली. ठरावीक माफीचा मेल आला, आणि त्याच मेलच्या खाली सवलतीचं कूपन.

आता थोडक्यात, काय करता येतं ते. फोनवरच्या जाहिरातींसाठी नंबर आहे १९०९. मेसेजमध्ये स्टार्ट, मग एक जागा सोडून शून्य, एवढं इंग्रजीत लिहून १९०९ वर पाठवा. सगळ्या जाहिराती बंद करायची नोंद होते. पुन्हा सांगते, १९०९. मात्र एखाद्या दुकानाला तुम्ही स्वतः परवानगी दिली असेल, तर त्याचे मेसेज येत राहतात, ती वेगळी मागे घ्यावी लागते. आणि १९०९ हा फोन कॉल आणि साध्या मेसेजसाठी आहे, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलला तो लागू नाही.

मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाकडे बघायची सवय लावा. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं. इंग्रजी पी असेल तर जाहिरात. एस म्हणजे सेवेचा मेसेज, टी म्हणजे व्यवहाराचा, जी म्हणजे सरकारी. नको असलेल्या जाहिरातीची तक्रार आता सात दिवसांपर्यंत करता येते, पूर्वी तीनच दिवस मिळायचे.

ईमेलचं म्हणाल तर, ज्या दुकानातून तुम्ही खरंच खरेदी केलीय त्याच्या मेलमधलं ‘अनसबस्क्राइब’ खुशाल दाबा. मोठ्या संख्येने जाहिरातींचे मेल पाठवणाऱ्यांनी एका टिचकीत नाव काढायची सोय द्यायलाच हवी, असा नियम गूगल आणि याहू यांनी २०२४ मध्ये आणला. पण नावच अनोळखी असेल, तर आतलं काहीही दाबू नका. सरळ स्पॅममध्ये टाका.

स्क्रॅच कार्डासारखं पाकीट किंवा फोन आला आणि पैसे गेले नसतील, तर सरकारच्या दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे तो फोन नंबर कळवा. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० ला फोन करा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पुन्हा, पैसे गेले तर १९३०. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. मुलगा ऑफिसातून येऊ दे, मग बघू, असं करू नका.

आणि दुकानात बिल करताना नंबर मागतात, त्याबद्दल. परवा राम मारुती रोडवर मी दोन हातरुमाल घेतले, तर मुलीने आधी मोबाइल नंबर विचारला. रुमालाला नंबर कशाला? २०२३च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं होतं की नंबरासाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका. ‘द्यायचा नाही’ म्हटलं की पुरतं. मी म्हटलं, बिल झालं, रुमाल मिळाले. त्याच २०२३ साली संसदेने आपल्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात लिहिलंय, संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मी त्या कायद्याकडे डोळे लावून बसलेय.

मावशीने तोवर स्वतःचा कायदा केलाय. पत्ता खरा, पण खुणेच्या चौकोनात ती प्रत्येक दुकानासाठी वेगळं काहीतरी लिहिते. एकाला ‘निळ्या दाराचं घर’, दुसऱ्याला ‘जास्वंदीच्या कुंडीसमोर’, तिसऱ्याला ‘जिन्यातल्या घड्याळाखाली’. वाण्याच्या हिशोबाच्या जुन्या वहीत शेवटच्या पानावर कुठलं वाक्य कुठल्या दुकानाला, ते लिहून ठेवलंय. तुम्हीही करू शकता. जीमेल असेल तर ईमेललाही हे चालतं. आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव जोडा, मेल तुमच्याच पेटीत येतो आणि कुणाला दिलेल्या पत्त्यावर आलाय ते वर दिसतं.

गेल्या आठवड्यात नौपाड्यात आणखी एक पाकीट आलं. पोस्टमन तीन मजले चढून आले आणि दारातच म्हणाले, ‘काकू, वही काढा. आज जास्वंद आहे.’ मावशीने पान उघडलं, बोट फिरवलं, आणि त्यांच्यासमोरच ते दुकान फोनवरून काढून टाकलं.

नमस्कार.