सात मिनिटांचा उशीर

(दृश्य : नाशिक, रात्र. लॅपटॉपच्या पडद्यावर ताऱ्यांचे चार फोटो.)

आकाशाचा एकच तुकडा, काही मिनिटांच्या अंतराने चार वेळा टिपलेला. फोटो हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे. तपासायला मात्र नाशिकच्या कॉलेजातली पोरंही बसू शकतात. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये फोटो एकामागून एक फिरवायचे. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका चारही फोटोंत सरळ रेषेत, सारख्याच वेगाने सरकतो, तो लघुग्रह असू शकतो. त्याचीच नोंद करायची. दोनच फोटोंत दिसला, तर बहुधा तो कॅमेऱ्याचा नॉईज, म्हणजे खोटा ठिपका.

नोंद मायनर प्लॅनेट सेंटरकडे, म्हणजे जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राकडे गेली, की इतर वेधशाळा त्या ठिपक्याचा पुन्हा वेध घेतात. आपल्याकडे लडाखमधल्या हानलेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण या कामात असते.

२०२४ वायआर४ हा साधारण ६० मीटरचा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतून दिसला. २०३२ साली तो पृथ्वीवर धडकण्याची शक्यता फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांवर गेली आणि आठवड्याभरात जवळपास शून्यावर आली. गणित चुकलं नव्हतं. लघुग्रह जिथे असू शकतो तो पट्टा प्रत्येक निरीक्षणागणिक आखूड होतो. पृथ्वी पट्ट्यात असेपर्यंत टक्केवारी चढते, बाहेर पडली की धाडकन उतरते. बातम्यांनी चढ दाखवला, उतार फारसा नाही.

(दृश्य : जवळ येत जाणारा डायमॉर्फस हा छोटा लघुग्रह, खडकाळ पृष्ठभाग.)

आणि शक्यता उतरलीच नाही तर? पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. स्वतःच्या व्यासाएवढं अंतर सात मिनिटांत कापते. लघुग्रहाला तेवढा उशीर झाला, की काम झालं. दहा वर्षं हातात असतील तर त्याच्या वेगात सेकंदाला सेंटिमीटरभराचा फरक पुरतो. वर्षच उरलं असेल तर दहापट लागतो.

२७ सप्टेंबर २०२२, आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून ४४ मिनिटं. धक्क्याने लघुग्रहाचा मार्ग बदलतो का, हे पाहायला नासाने पाठवलेलं सुमारे ५८० किलोचं डार्ट यान सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगाने डायमॉर्फसवर आदळलं. डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची डायमॉर्फसची ११ तास ५५ मिनिटांची फेरी ७३ सेकंदांनी कमी झाली असती तरी मोहीम यशस्वी ठरली असती. झाली ३३ मिनिटांनी! उडालेल्या मलब्याने उलट रेटा दिला आणि धक्का साडेतीन पटींहून मोठा झाला. पण अखंड खडक असता तर एवढा मलबा उडालाच असता असं नाही. म्हणूनच धक्क्याचा नेमका हिशेब लागावा यासाठी युरोपचं हेरा यान डायमॉर्फसचं वस्तुमान मोजायला निघालं आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न दिशेचा. धक्का कमी पडला, तर धडकेची जागा एका देशावरून दुसऱ्या देशावर सरकते. वायआर४ च्या संभाव्य धडकेचा पृथ्वीवरचा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत आला होता. यान कुणी पाठवायचं, कुठल्या बाजूने धडकवायचं, हे एकट्या देशाने ठरवून चालत नाही. ५० मीटरहून मोठ्या लघुग्रहाच्या धडकेची शक्यता १ टक्क्यापलीकडे गेली, की अंतराळसंस्थांचा सल्लागार गट हेच पर्याय तपासायला बसतो.