पाटीवरचा आकडा

(दृश्य: दक्षिण फ्रान्समधला घाटरस्ता. मोटरसायकलवर मागे बसलेला एक माणूस, हातात काळी पाटी.)

या माणसाकडे जरा नीट बघा. शर्यतीच्या मधोमध, वळणावळणाच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून तो पाटीवर आकडे लिहितोय. पुढे पळालेले आणि मागून पाठलाग करणारे यांच्यात किती अंतर आहे, ते. अंतर किलोमीटरमध्ये नाही, सेकंदांत. लिहून झालं की पाटी वळवून तो सायकलस्वारांना दाखवतो, पुसतो आणि पुन्हा लिहायला घेतो.

हल्ली प्रत्येक सायकलस्वाराच्या कानात रेडिओ असतो. संघाची गाडी मागून सगळं सांगत असते. तरीही ही पाटी टिकून आहे, आणि सायकल शर्यत बघायला शिकायचं असेल तर मी सगळ्यांना आधी हिच्याकडेच बघायला सांगतो.

(दृश्य: रस्त्याच्या कडेला प्रेक्षक. सायकलींचा मोठा जथा सर्रकन निघून जातो.)

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर आपल्या रस्त्यांवरून गेली. जथा डोळ्यांसमोरून जायला काही सेकंद पुरतात. तो गेला की आपण शेजारच्याला विचारतो, "पहिला कोण?" टप्प्यांच्या शर्यतीत, म्हणजे रोज एक टप्पा अशा अनेक दिवसांच्या शर्यतीत, या प्रश्नाला दोन उत्तरं असतात. एक, आज रेषा आधी कोणी ओलांडली. दुसरं, सगळ्या दिवसांचा वेळ बेरजेत कोणाचा कमी. आजचा पहिला आणि बेरजेतला पहिला बहुतेक वेळा वेगळे असतात, आणि सगळे डावपेच या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत शिजतात.

टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते. तिथे एखादा दिवस वाईट गेला तरी भरून काढायला पुढे डोंगर उरलेले असतात. आठवडाभराच्या शर्यतीत ती सोय नाही. मिनिटांचा हिशोब तिथे सेकंदांवर येतो. म्हणून मला या लहान शर्यती जास्त ओढून घेतात. त्यातली मी पुन्हा पुन्हा बघितलेली एक शर्यत आज तुम्हाला दाखवणार आहे. पॅरिस–नीस, 2017.

(दृश्य: पॅरिसजवळची सपाट शेतं, वाऱ्याने वाकलेलं गवत, ओला रस्ता.)

पॅरिस–नीस 1933 पासून चालत आलीय. मार्च महिन्यात, थंडी अजून अंगात असताना, पॅरिसच्या परिसरातून निघायचं आणि आठ दिवसांनी भूमध्य समुद्राच्या काठावर पोचायचं. फ्रेंच लोक तिला सूर्याकडे जाणारी शर्यत म्हणतात. नकाशा बघितला तर वाटतं, खरी लढाई शेवटच्या दोन-तीन दिवसांत, डोंगरात. पहिले दिवस सपाट. त्या दिवसांत काय घडणार?

वारा घडतो.

सायकलस्वार दुसऱ्याच्या मागे, अगदी चाकाला चाक लावून चालतो, कारण पुढचा माणूस हवा फाडतो आणि मागच्याची बरीच ताकद वाचते. वारा समोरून असेल तर हा आडोसा सरळ मागे मिळतो. वारा बाजूने आला की आडोसा तिरका होतो. मग रस्त्याच्या रुंदीभर तिरपी रांग लागते. पण रस्ता केवढा? दहा-पंधरा जण मावतात. सोळावा रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीवर, आडोशाशिवाय. तो जीव तोडून पायडल मारतो, आणि त्याच्या पुढे एक सायकलभर फट पडते. फट एकदा पडली की ती मिटत नाही. सपाट रस्त्यावर, एकही चढ नसताना, जथ्याचे तुकडे होतात.

2017 साली पहिल्याच दिवशी असं झालं. पाऊस, गारठा आणि आडवा वारा. आल्बेर्तो कोंतादोर मागच्या तुकड्यात अडकला. स्पेनचा कोंतादोर, ही शर्यत 2007 आणि 2010 मध्ये जिंकलेला, घाटात ज्याच्यापुढे भले भले हरले असा माणूस. त्याने पहिल्या संध्याकाळी जी सेकंदं गमावली, ती तो पुढचा आठवडाभर शोधत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वारा. त्यात ऑस्ट्रेलियाच्या रिची पोर्टचे चौदा मिनिटांहून जास्त गेले. संपली त्याची शर्यत.

पण इथे जरा थांबा, कारण पोर्टची गोष्ट डावपेचांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. सातव्या दिवशी टप्पा संपत होता कुयोलच्या घाटमाथ्यावर, 1678 मीटर उंचीवर. पोर्ट त्या घाटात निसटला आणि जिंकला. आघाडीवरच्यांनी त्याच्यामागे ऊर फुटेस्तोवर धावायचं कारणच नव्हतं. जो बेरजेत इतका मागे आहे त्याला एक दिवस देऊन टाकायला कोणाची हरकत? शर्यत हरलेल्या माणसाला मोकळीक मिळते. घाटात कोणी एकटा पुढे पळताना दिसला की आधी बघायचं, बेरजेत तो कितवा आहे. त्यावरून कळतं, मागचे त्याला सोडतायत की तो खरंच त्यांना भारी पडतोय.

त्याच कुयोलच्या माथ्यावर पिवळी जर्सी, म्हणजे बेरजेतल्या पहिल्याने घालायची जर्सी, कोलंबियाच्या सेर्जिओ एनाओच्या अंगावर आली. एक दिवस उरला. दुसऱ्या जागी आयर्लंडचा डॅन मार्टिन, 30 सेकंदांनी मागे. तिसरा कोंतादोर, 31 सेकंदांनी.

हे दोन आकडे लक्षात ठेवा. माझ्या वहीच्या पानावर त्या रात्री एवढंच लिहिलं होतं: मार्टिन 30, कोंतादोर 31.

(दृश्य: नीस शहर, समुद्र, मागे लगेच उभे राहिलेले डोंगर.)

शेवटचा दिवस, रविवार, 12 मार्च. नीसहून निघून नीसलाच परत यायचं. जेमतेम 115 किलोमीटर, पण सगळे चढ-उतार. समुद्राच्या पाठीला लागूनच डोंगर आहेत तिथे. आपल्याकडे मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट जो आधी चढेल त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या रविवारी नीसच्या मागच्या डोंगरात घाटामागून घाट होते, आणि शेवटच्या एझच्या घाटमाथ्यापासून पंधरा-एक किलोमीटरवर अंतिम रेषा.

एक वर्ष मागे जाऊ या, नाहीतर हा रविवार अर्धाच कळेल. 2016 मध्येही शेवटचा दिवस असाच. तेव्हा कोंतादोर 15 सेकंदांनी मागे होता आणि पिवळी जर्सी होती ब्रिटनच्या गेरेंट थॉमसकडे. एझच्या घाटात कोंतादोरने थॉमसला मागे टाकलं. थॉमसला माथ्यापर्यंत ओढत नेलं ते त्याच्याच संघातल्या एका सहकाऱ्याने. तो सहकारी म्हणजे हाच सेर्जिओ एनाओ. खाली नीसमध्ये बेल्जियमचा टिम वेलन्स पहिला, कोंतादोर दुसरा, थॉमस पाच सेकंदांनी मागे. दुसऱ्या क्रमांकाचे बोनस सहा सेकंद. पंधरातून पाच गेले, सहा गेले. उरले चार. चार सेकंदांनी कोंतादोर हरला.

बोनसचा नियम सोपा आहे. टप्पा जिंकणाऱ्याच्या एकूण वेळेतून दहा सेकंद वजा, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. वाटेतल्या ठरलेल्या स्प्रिंटला, म्हणजे रेषेपर्यंतच्या जोराच्या धावेला, पहिल्या तिघांना तीन, दोन, एक. तीन आठवड्यांच्या शर्यतीत ही चिल्लर वाटते. आठवड्याच्या शर्यतीत याच चिल्लरवर विजेता ठरतो.

आता परत 2017.

बहुतेकांना वाटलं होतं, कोंतादोर एझच्या घाटाची वाट बघेल. तो थांबला नाही. पेईच्या घाटात, अजून साधारण पन्नास किलोमीटर बाकी असताना, तो पायडलवर उभा राहिला आणि निघाला. इतक्या लांबून एकट्याने पळणं म्हणजे दमून मागे येणं, हे शर्यत बघणाऱ्या कोणालाही कळतं. पण त्यामागे पक्का विचार होता. एझच्या घाटापर्यंत थांबला असता तर एनाओचे सहकारी ताजेतवाने राहिले असते, आणि आधी पळालेल्यांनी बोनस नेला असता. लांबून निघालं की पिवळ्या जर्सीभोवतीची माणसं घाटाघाटाला गळतात.

त्याच्याबरोबर पुढे होते दोन स्पॅनिश सायकलस्वार, मार्क सोलेर आणि दाविद दे ला क्रूझ. तिघे, एकाच देशाचे. आपल्याला वाटेल, देशबांधव मदत करतील. पण सायकल शर्यतीत पाठीवरच्या संघाचं नाव वाचायचं. दे ला क्रूझ ज्या संघाचा, त्याच संघाचा डॅन मार्टिन. तोच, 30 सेकंदांवरचा. कोंतादोर जितका पुढे जाईल तितका मार्टिन दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घसरणार. मग दे ला क्रूझने आपला घाम कोंतादोरच्या पिवळ्या जर्सीसाठी का गाळावा? त्याला टप्पा हवा होता, आणि त्यात काहीही चुकीचं नव्हतं.

(दृश्य: पाटी. हात. आकडा पुसून नवा लिहिला जातो.)

पाटीवरचा आकडा वाढत गेला. एका क्षणी तो 31 च्या पलीकडे गेला. त्या घटकेला रस्त्यावर कोंतादोर शर्यत जिंकत होता. वाटेतल्या स्प्रिंटला त्याने बोनसचे दोन सेकंदही उचलले. मागे एनाओ. गेल्या वर्षी दुसऱ्याला ओढून नेणारा माणूस, आज स्वतःची जर्सी वाचवतोय. त्याचं धैर्य मला आजही थक्क करतं, कारण त्याने घाबरून एका चढातच सगळं पणाला लावलं नाही. अंतर थोडं वाढू दिलं, पण हाताबाहेर जाऊ दिलं नाही. एझच्या माथ्यानंतर उतार होता. चढावर वेग कमी, तिथे एकट्याचं चालून जातं. उतारावर आणि खालच्या सपाट रस्त्यावर हवा पुन्हा आडवी येते, आणि तिथे पाठलाग करणारा गट एक-दोघांना भारी पडतो. आकडा उतरू लागला.

समुद्रकाठचा रुंद रस्ता. पुढे दोघे, दे ला क्रूझ आणि कोंतादोर. सोलेर पाच सेकंद मागे. आपल्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ, आणि माझं ताट तसंच पडलेलं.

स्प्रिंट दे ला क्रूझने जिंकली.

कोंतादोरने रेषा ओलांडली आणि आता त्याच्या हातात काहीच उरलं नाही. फक्त घड्याळ. एक, दोन, तीन... दहा... पंधरा... वीस... एकवीस. एनाओचा गट आत आला.

(दृश्य: वहीचं पान, शाईने केलेली वजाबाकी.)

एकतीस वजा एकवीस, दहा. वजा दुसऱ्या क्रमांकाचे सहा, चार. वजा वाटेतले दोन, दोन.

पॅरिस–नीस जिंकणारा पहिला कोलंबियन सेर्जिओ एनाओ, दोन सेकंदांनी. कोंतादोरने ती शेवटची स्प्रिंट मारली असती तर सहाऐवजी दहा मिळाले असते, आणि जर्सी त्याची झाली असती. हे सगळे म्हणतात. मी मात्र त्या पानावर दर वेळी वर जातो, पहिल्या दिवसाच्या ओळीपाशी. पाऊस, आडवा वारा, कोणीतरी सोडलेली सायकलभर फट.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोंतादोर निवृत्त झाला. पॅरिस–नीसमधला त्याचा शेवटचा दिवस हाच.

आणि डॅन मार्टिन? एनाओच्याच गटातून आत आला. सकाळी 30 सेकंदांनी मागे होता, संध्याकाळीही 30. जागा दुसरी होती, ती तिसरी झाली. त्याच्या संघाने टप्पा नेला.

(दृश्य: रिकामा किनाऱ्यावरचा रस्ता. मोटरसायकल उभी. सीटवर पुसलेली पाटी.)