मी कुठे थांबले: माझ्या वाचनवहीतली पाच पुस्तके

नमस्कार. आज मी तुमच्यासमोर पाच पुस्तके घेऊन बसले आहे आणि त्यांच्या जोडीला माझी ही दोनशे पानी वही आहे. (वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरणे.) नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची मी सभासद झाले, तेव्हापासूनची ही सवय आहे. 1840 साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयातून आणलेली पुस्तके परत करायची असत, त्यांच्यावर पेन्सिलीची रेघसुद्धा ओढणे मला पटत नसे, आणि म्हणून जे पुस्तकाच्या समासात लिहिले असते ते वहीत लिहू लागले. हिच्यात एकाही पुस्तकाचा सारांश नाही. वाचता वाचता ज्या जागी पुस्तक मिटून ठेवावे लागले ती जागा आणि थांबण्याचे कारण, एवढेच मी लिहिते. पुस्तक आपल्याला कितपत भिडले हे मला तरी त्या थांबण्यावरूनच समजते.

पहिले पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. याचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, त्यामुळे त्या पानांतला परिसर आम्हां नाशिककरांना परका वाटत नाही. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची, घरात येणारा जिन्नस धुऊन घेण्याच्या त्यांच्या हट्टाची हकीकत त्या सुरुवातीलाच सांगतात. ती वाचताना मी मनापासून हसत होते. हसता हसता एकदम जाणवले की हे सारे धुणे, वाळवणे आणि पुन्हा धुणे लक्ष्मीबाईंच्या आईच्या वाट्याला आले असणार. लेखिकेने तक्रारीचा सूर लावलेला नाही, दुःखाला विशेषणे जोडलेली नाहीत; आणि तरीही तो संसार किती कष्टाचा होता हे वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते. पुढे 1895 मध्ये त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी. या मधल्या वर्षांबद्दल त्या जे लिहितात ते आधी ही सुरुवातीची पाने नीट वाचून मग वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण सोवळ्याच्या त्या घरातून निघालेल्या बाईने किती लांबचा पल्ला गाठला हे त्याशिवाय उमगत नाही.

आता ज्या पुस्तकाने माझ्या वहीची सर्वांत जास्त पाने घेतली त्याकडे येते. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ 1967 साली प्रसिद्ध झाले. महाभारतातल्या व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहणारे हे लेख आहेत. आमच्या पंचवटीत लहानपणापासून कानांवर पडते ती रामकथा, आणि तिथे प्रश्न विचारण्याआधी हात जोडले जातात. म्हणून असेल कदाचित, पण इरावतीबाईंचे ते निर्भय प्रश्न वाचताना मला प्रथम दचकायला झाले. द्रौपदीवरच्या लेखात मी थांबले. धर्मराज आधी स्वतःला हरला असेल तर त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का, हा द्रौपदीचा सभेतला प्रश्न आपण सगळे तिच्या तेजाचा पुरावा मानतो. इरावतीबाई मात्र तो प्रश्न विचारणे ही तिची चूक मानतात. दासाचा पत्नीवर अधिकार राहतो असे उत्तर मिळाले असते तर तिचे दासीपण कायम झाले असते, आणि राहत नाही असे मिळाले असते तर तिचे पत्नीपणच संकटात आले असते. म्हणून पंडितासारखा वाद घालण्याऐवजी तिने क्षत्रियांच्या धर्माला हाक मारायला हवी होती, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्या दिवशी मी वहीत एकच शब्द लिहिला होता: ‘नाही’. (ते पान दाखवणे.) काही वर्षांनी लेख पुन्हा वाचला तेव्हा त्यांच्या युक्तिवादाची बांधणी किती पक्की आहे हे लक्षात आले आणि मी त्या ‘नाही’खाली दीड पान लिहिले. माझे मत बदललेले नाही. दयेची याचना केली असती तर ती नाकारून सभा मोकळी झाली असती; प्रश्न विचारल्यामुळे मात्र भीष्मांसारख्या माणसालाही धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून गप्प व्हावे लागले, आणि त्या गप्प बसण्याची नोंद कायमची झाली. एवढे असूनही मी हे पुस्तक प्रत्येकाला वाचायला सांगते, कारण ज्याच्याशी इतकी वर्षे मनातल्या मनात भांडत राहावे असे पुस्तक फार क्वचित हाती लागते.

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मी बारा महिन्यांत वाचले, त्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात. चैत्राच्या लेखातली ती कोवळी पालवी डोळ्यांत घेऊन मी दिंडोरीच्या बाजूला गेले, तर द्राक्षबागांत खरड छाटणी नुकतीच झालेली होती आणि तारांवर नुसते तपकिरी ओलांडे, म्हणजे वेलाच्या आडव्या फांद्या, उरले होते. सगळीकडे पालवी फुटत असताना आमच्या जिल्ह्यात वेल मुद्दाम उघडेबोडके केले जातात, हे मी जन्मभर पाहत आले होते. त्यातला विरोध मला दुर्गाबाईंमुळे दिसला. जवळ जाऊन पाहिले तेव्हा एका ओलांड्यावर कापसासारखी लव असलेला गुलाबी डोळा फुगलेला होता. वहीत त्याचे वेडेवाकडे चित्र आहे.

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ला मी या रांगेत बसवले, याचे काहींना नवल वाटेल. 1970 साली आलेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप हाताशी दिले आणि कितीतरी घरांत नवशिक्या हातांना धीर दिला. आमची प्रत आईची आहे. तिच्यावर हळदीचे बोट उमटलेले आहे आणि एका पाककृतीपुढे आईच्या अक्षरात ‘तिखट निम्मे’ असे लिहिले आहे. ते मी लहान असताना माझ्यासाठी लिहिलेले होते.

शेवटचे पुस्तक बाबूराव बागूल यांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’, 1963 सालचे. बागूल मूळचे विहितगावचे. नाशिकरोडहून देवळालीकडे जाणाऱ्या बसमध्ये मी शीर्षककथा वाचत होते आणि त्यांचे गाव खिडकीतून मागे गेले. नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवणारा तरुण आणि जात उघड झाल्यावर त्याला होणारी मारहाण, हे कथानक अनेकांना ठाऊक असते. मी थांबले ते मारहाणीच्या प्रसंगापाशी नाही. त्याच ठिकाणी काम करणारा काशिनाथ आपली जात न लपवता ताठ मानेने सगळ्यांना तोंड देतो आणि त्या वेळी हा तरुण स्वतःचे सत्य पोटात ठेवून गप्प राहतो, तिथे मी पुस्तक मिटले. द्यूतसभेतले मौन सत्ताधाऱ्यांचे होते, त्यांना बोलणे शक्य होते. या तरुणाच्या मौनाला मी तोच शब्द वापरावा का, हे मला अजून ठरवता आलेले नाही; म्हणून वहीत ‘मौन’ लिहून खोडले आहे, शेजारी ‘भीती’ लिहून तेही खोडले आहे, आणि पुढे काशिनाथचे नाव लिहून ठेवले आहे.